पानाची डावी बाजू

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, म्हणून पत्रच लिहितोय. तुमची मेहुणी मागून ओरडतेय, "आधी जेवून घ्या, मग लिहा." पण जेवण कसलं जातंय!

आपण दोघं साडू, दोन बहिणींचे नवरे. इतक्या वर्षांत मी तुम्हाला माझ्या कामाबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला लिफ्टच्या दोरांचं काय कौतुक! पण आज ऐकाच.

काल सकाळी एका सात मजली इमारतीत लिफ्टची महिन्याची तपासणी होती. तेलपाणी केलं, कागदावर सही केली, खाली आलो. फाटकापाशी लक्षात आलं, थर्मास वर मोटारीच्या खोलीत राहिला. थर्मास रिकामा. एरवी मी म्हटलं असतं, राहू दे पुढच्या महिन्यापर्यंत. पण पून्हा मागे वळलो, लिफ्टपाशी आलो, बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात डोक्यात आलं, 'जिन्याने जा.'

आवाज वगैरे काही नाही हो. कुणी हाक मारली, उजेड पडला, तसलं काही नाही. नुसता एक शांत विचार. माझ्या गुडघ्यांची दशा तुम्हाला माहीत आहे. अर्ध्या तासापूर्वी ज्याने लिफ्ट तपासली त्यानेच जिना चढायचा म्हणजे हसू करून घेणं. तरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी. एका हातात काठी, खांद्याला पिशवी, दुसरा हात लिफ्टच्या दाराच्या मुठीवर. जुन्या पद्धतीचं ओढून उघडायचं दार. आणि दादा, लिफ्ट तर तळमजल्यावर उभी होती! दारामागे तीन मजल्यांची विहीर. लिफ्ट समोर नसताना ते दार उघडताच कामा नये, त्याला आतून कुलूप असतं. पण आजींनी ओढलं आणि ते उघडलं. एक पाय उचललाच होता त्यांनी.

मी दंड धरून मागे ओढलं. दोघंही फरशीवर बसलो, बसलो म्हणजे आपटलो. आजी माझ्यावरच खेकसल्या, "ओळख ना पाळख, हात काय धरता?" मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी त्या अंधाऱ्या पोकळीकडे बघितलं. मग पिशवीतून एक लिंबाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

कुलूप सारखं अडकतं म्हणून रखवालदाराने आतली पट्टी तारेने मागे बांधून टाकली होती. केव्हा बांधली कोण जाणे. ती तार मी लगेच काढली आणि लिफ्ट बंद ठेवली.

दादा, मला 'जिन्याने जा' कोणी सांगितलं? माझी तर खात्री पटली आहे. आजपासून रोज सकाळी दहा मिनिटं गप्प बसायचं आणि देवाला विचारायचं, 'आज काय सांगतोस?' असं ठरवलंय. तुम्ही हसणार. हसा. पण उत्तर लिहा.

तुमचा,
लिफ्टवाला

•

११ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे तपासून सोबत परत पाठवत आहे. एकोणतीस लाल खुणा. तुम्ही 'पून्हा' लिहायचं कधी थांबवणार? 'देव' हा शब्द मात्र बिनचूक लिहिला आहे, याची नोंद घेतली.

आजी वाचल्या, फार बरं वाटलं. तो प्रसंग मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदाही माझा पाय जमिनीला घट्ट टेकवला. तुमच्या हाताने एक माणूस वाचला. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

पण आता जरा थंड डोक्याने. आयुष्यात थर्मास किती वेळा विसरलात? दहा-बारा वेळा तरी. बाकीच्या वेळी लिफ्टने गेलात आणि काही घडलं नाही, म्हणून ते विसरलात. अकरा वेळा गप्प बसून बाराव्या वेळी बोलणारा देव मला समजत नाही. छापखान्यात आम्ही बरोबर आलेले शब्द मोजत नसू, चुका मोजत असू. तुम्हालाही सांगणं एवढंच, की फसलेले इशारेही लिहून ठेवा. मग बघू.

आणखी एक, आणि हा विषय मी पुन्हा काढणार नाही. तीन वर्षांपूर्वी माझी बायको, तुमची ताई, आजारी असताना तिच्या उशाशी बसून मी अठ्ठेचाळीस दिवस एकच गोष्ट मागत होतो. काय मागत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे आणि काय झालं तेही. तेव्हापासून त्याचं आणि माझं बोलणं बंद आहे. त्याने आपणहून हाक मारली तर मी कानांत बोटं घालणार नाही. पण मी त्याचं दार वाजवायला जाणार नाही.

मेहुणीला सांगा, तिने पाठवलेला स्वेटर बरोबर बसला.

आपला,
दादा

•

१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

वही केली! तुम्ही सांगितलंत तशीच. एका पानावर लागलेले इशारे, समोरच्या पानावर फसलेले. आणि आधी फसलेलेच सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

मंगळवारी आतून आलं, 'ही बस सोड, पुढची घे.' मोठ्या विश्वासाने सोडली. पुढची बस थेट आगारात गेली. चालकाने दिवे घालवले आणि मला विचारलं, "काका, तुम्ही इथेच राहता का?"

बुधवारी एका घरात लिफ्टची चावी मागायला गेलो. दार उघडणाऱ्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, हाच तो क्षण. मी टोपी काढून अगदी हळू आवाजात विचारलं, "काही दुःख आहे का, ताई?" त्या म्हणाल्या, "कांदा चिरतेय." ही अजून हसतेय. काल भाजी चिरताना मुद्दाम मला बोलावून पून्हा विचारत होती, "काही दुःख आहे का?"

आता दुसरं पान. गुरुवारी जुन्या सोबत्याची आठवण आली, आम्ही दोघांनी बारा वर्षं एकत्र काम केलंय. कारण काही नाही. फोन केला. तो सकाळपासून फोनशेजारी बसून होता, कुणाचा तरी येईल म्हणून. त्याची बायको घर सोडून गेलीय. तो फक्त "बरं झालं केलास" एवढंच म्हणाला आणि मग आम्ही तासभर बोललो. शनिवारी बाजारातून येताना 'नेहमीच्या रस्त्याने नको' असं आलं. दुसऱ्या रस्त्याने आलो. काहीही घडलं नाही. ते कुठल्या पानावर लिहू? मी मधल्या शिवणीवर लिहिलंय.

पण दादा, पंधरा दिवसांत एक गोष्ट कळायला लागलीय. खोटा इशारा घाईत असतो आणि त्यात मी भारी दिसतो. खरा हळू येतो, दमदाटी करत नाही, आणि बहुतेक वेळा मला नको असलेलं काम सांगतो. असं एक काम तो चार दिवस पून्हा पून्हा सांगतोय. ते मी करत नाहीये. काय ते विचारू नका.

ताईंबद्दल लिहिलंत ते वाचलं. तयार उत्तरं खिशात घेऊन फिरणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांच्यात बसवू नका. मला ताईंची आठवण येते, एवढंच खरं.

तुमचा,
लिफ्टवाला

•

२ मार्च

प्रिय साडूभाऊ,

उशीर झाला, कारण मी पुन्हा कामावर आहे! ऐका. छापखान्याच्या मालकीणबाई स्वतः घरी आल्या. आजारी माणसाची घरी काळजी कशी घ्यावी याचं एक पुस्तक छापायला आलंय, दोनशे बारा पानांचं. औषधं कशी द्यायची, किती द्यायची, याचे तक्ते आहेत. परिचारिकांना आणि घराघरांत वाटणार आहेत. बाई म्हणाल्या, "शेवटचं वाचन तुमचं. तुमच्या सहीशिवाय यंत्र सुरू होणार नाही." साडूभाऊ, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सकाळी उठून कुठेतरी वाट बघणारा कागद आहे, ही भावनाच वेगळी.

तुमचं पत्र परत पाठवत आहे. नऊ खुणा! एकोणतीसवरून नऊ. अभिनंदन. देव तुम्हाला दुसरं काही शिकवो न शिकवो, शुद्धलेखन शिकवतोय असं दिसतं. आगारातल्या प्रसंगाला मी मोठ्याने हसलो. घरात मोठ्याने हसल्यावर कसं चमत्कारिक वाटतं.

माझं अक्षर मोठं आलंय, ते नव्या पेनामुळे. पुस्तकाच्या नव्या अक्षरजुळणीत ओळींच्या सुरुवातीची अक्षरं फिकट येतात असं मी मालकीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, फिकट नाहीत. पुन्हा बघायला सांगितलंय. स्वयंपाकघराच्या चौकटीने माझ्या डाव्या खांद्याला तिसऱ्यांदा प्रसाद दिला. सकाळी चहा कपात ओतायच्या ऐवजी टेबलावर ओतला. म्हातारपणाच्या गमती.

येत्या सोमवारी छपाई सुरू. तोवर पत्राची वाट बघू नका.

आपला,
दादा

•

७ मार्च

प्रिय दादा,

नऊ! ते पान हिने शेजारच्या दोन घरांत दाखवलं. शाळेत असतो तर मास्तरांनी माझा सत्कार केला असता.

पण चहा टेबलावर? दादा, रागावू नका, एकटं राहून लक्ष असं उडतं. समोर बोलायला कुणी नसलं की हात एकीकडे आणि मन भलतीकडे. ही म्हणतेय, पुस्तक संपलं की सरळ इकडे या महिनाभर. खोली रिकामीच आहे.

घाईत आहे. कामावरून आल्यावर सविस्तर लिहीन.

तुमचा,
लिफ्टवाला

•

८ मार्च, बसमध्ये

प्रिय दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुमच्या हातात देणार आहे. बस हलतेय, त्यामुळे अक्षर असं. तोंडाने सांगायला गेलो तर तुम्ही चष्म्यावरून एकदा बघाल आणि माझी वाचा बसेल. म्हणून लिहून आणतोय.

आज सकाळी दहा मिनिटं बसलो होतो. समोर टेबलावर तुम्ही परत पाठवलेलं पत्र, ते नऊ खुणांचं. ते फाइलला लावायला उचललं आणि आतून आलं, 'पुन्हा बघ.' मी म्हटलं, बघितलं की. चार वेळा बघितलं. 'पुन्हा बघ.' मग दोन्ही पत्रं काढली, तुम्ही आधी परत पाठवलेलं आणि हे, आणि शेजारी शेजारी ठेवली.

पहिल्या पत्रावर लाल खुणा सगळीकडे आहेत, डावीकडे जरा विरळ. दुसऱ्यावर नऊच्या नऊ खुणा पानाच्या उजव्या अर्ध्या भागात. डावीकडे एकही नाही. दादा, डावीकडे मी 'पून्हा' तीनदा लिहिलंय. तुम्ही 'पून्हा' सोडून द्याल? डावा खांदा. कपाच्या बाहेर चहा. ओळींच्या सुरुवातीची फिकट अक्षरं. मी चहा तसाच टाकून बस पकडली. उद्या तुमची छपाई सुरू होणार आहे, आणि तक्त्यांवर तुमची सही आहे.

आता ते काम, जे मी टाळत होतो. तिसऱ्या मजल्याचं कुलूप मी त्या दिवशी तपासलंच नव्हतं. कंटाळा आला होता. कागदावर त्याच्या पुढे बरोबरची खूण मी न बघता केली होती. ती तार आधीपासून तिथे होती. तुम्हाला लिहिताना मी 'कोण जाणे' लिहिलं. मला माहीत होतं. आजींना मी वाचवलं हे खरं, आणि त्यांना त्या दारापाशी मीच सोडलं होतं हेही तितकंच खरं. ही गोष्ट मी हिलाही सांगितलेली नाही.

म्हणून सांगतोय, न बघता सही करणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तुमचं तसं नाही, तुम्ही बघताय, पण तुम्हाला दिसत नाहीये. आपण दोघं मिळून पुन्हा बघू या.

पुढचा थांबा तुमचा.

•

१६ मार्च

प्रिय धाकटे,

तुझ्या नवऱ्याने तुला अर्धंच सांगितलं असेल, कारण उरलेल्या अर्ध्यात मी त्याला हाकलून देत होतो.

तो रविवारी दुपारी दारात उभा. घामाघूम. कागद पुढे केला. मी वाचायला घेतला आणि धाकटे, मला तो नीट वाचता येईना. शब्द कळत होते, वाक्यं लागत नव्हती. मी म्हटलं, "काय हे अक्षर!" तो म्हणाला, "बोट ठेवून वाचा दादा, प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दावर." मी बोट ठेवलं. बोटाखालून शब्द निघाले. जिथे मला कोरा कागद दिसत होता तिथून शब्द निघाले!

मला काय वाटलं ते सांगतो. राग आला, भयंकर. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांवर भाकरी खाल्ली ते डोळे एका लिफ्टवाल्याने तपासावेत? मी त्याला म्हटलं, "बाहेर व्हा." तो उठला नाही. शांतपणे म्हणाला, "होतो. पण आधी मी माझं काय लिहिलंय ते वाचा." मग मी ते वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. तिसऱ्या मजल्याच्या कुलपाचं. तो खाली मान घालून बसला होता. तीस वर्षांच्या नोकरीतली लाज त्याने माझ्यासमोर ठेवली होती, केवळ मला माझी ठेवायला सोपं जावं म्हणून. त्यानंतर मी कोणत्या तोंडाने हाकलणार?

मी तक्त्यांची पानं आणली. तो मूळ हस्तलिखित वाचत गेला, मी छापील पानावर बोट ठेवून. एक्केचाळिसाव्या पानावर लहान मुलांच्या तापाचं औषध. तो वाचतोय, "दोन पूर्णांक पाच दशांश मिली." माझ्या बोटाखाली पंचवीस. टिंब नाही. डाव्या रकान्यात. आणि पानाच्या खाली माझी सही.

धाकटे, दहापट औषध. कुणाच्या तरी लेकराला.

मी मालकीणबाईंना फोन लावला. आकडे तुझ्या नवऱ्यानेच दाबले. मी म्हटलं, "उद्या यंत्र सुरू करू नका. मला दिसत नाही." 'मला दिसत नाही' हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले, आणि सांगतो तुला, छातीवरून काहीतरी उतरलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं आज सांगितलंत."

मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. डावा डोळा बराचसा गेलाय, उजव्यातही नाकाच्या बाजूने सुरुवात झालीय, म्हणून पानाची डावी बाजू सुटते. दुखत नाही, खुपत नाही, हळूहळू कड खात येतो, आणि माणसाला वाटतं, छपाईच वाईट आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी टिकेल. आणखी वर्षभर असाच बसलो असतो तर उजवाही गेला असता.

नवऱ्याला सांग, आठ दिवस मी त्या 'पुन्हा बघ'चा विचार करतोय. अजून काही बोलायची तयारी नाही.

तुझा,
भावोजी

•

२४ मार्च

प्रिय भावोजी,

नमस्कार. पत्र मी लिहितेय, कारण हे महाशय तुमचं पत्र पुन्हा वाचून गॅलरीत जाऊन बसलेत आणि म्हणतात, डोळ्यांत कचरा गेलाय. मी विचारलं, "काही दुःख आहे का?" तर चिडले!

कुलपाचं मला तुमच्या पत्रातूनच कळलं. रात्रंदिवस एकत्र राहून या माणसाने महिनाभर ते पोटात ठेवलं. मी आधी भांडले, मग रडले, मग म्हटलं, आता उठा आणि ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी महिनाभर इमारतींवरून काढून कारखान्यात बसवलंय, आणि तपासणीच्या कागदावर आता दोघांच्या सह्या लागणार, सगळ्यांनाच. भावोजी, पण त्या दिवशी घरी आले ते शीळ वाजवत! मान खाली घालून जाणारा माणूस शीळ वाजवत परत आला. त्याच संध्याकाळी आजींच्या घरी जाऊन त्यांनाही सगळं खरं सांगून आले. आजींनी आधी पुष्कळ बोलून घेतलं, आणि मग बसवून चहा पाजला.

तुम्ही एकटे थेंब घालता का? मान वर करून, आरशात न बघता घाला. मी विचारून घेतलंय. ताई असती तर तिने तुमची मान धरून घातले असते. तिच्या वतीने सांगतेय, चुकवू नका.

तुमची,
धाकटी

•

२१ एप्रिल

प्रिय साडूभाऊ आणि धाकटे,

दोघांनी मिळून वाचा, आणि बसून वाचा. मला आज क्रमाने लिहिता येईल असं वाटत नाही.

पुस्तक संपलं! दोनशे बारा पानं पुन्हा तपासली, कानांनी. आमच्या काळी छापखान्यात एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसरा छापील पानावर डोळे ठेवायचा. मालकीणबाईंनी तीच पद्धत काढली आणि माझ्याकडे रोज सकाळी जिल्दवाल्या बाईंना धाडलं. या बाई छापखान्यात पुस्तकांची शिवण करतात, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि आवाज असा की यंत्र चालू असताना अख्ख्या कारखान्याला ऐकू जावा. त्या छापील पान वाचत, विरामचिन्हांसकट, "स्वल्पविराम! पूर्णविराम! टिंब!" आणि मी हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकत असे. आणखी चौदा चुका सापडल्या. चौदा! खालच्या मजल्यावरचे गृहस्थ विचारायला आले, वर भांडण चाललंय का.

आता मुख्य गोष्ट. सकाळी थेंब घातल्यावर डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहावं लागतं. दुसरं काही करता येत नाही. मी दार वाजवणार नाही म्हटलं होतं, वाजवलंही नाही. पण एके दिवशी पडल्या पडल्या तोंडातून निघून गेलं, "बोल बाबा, काय ते." इतकंच. तीन वर्षांनी.

काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. तेवढ्यात जिल्दवाल्या बाईंची आठवण आली. 'तिला विचार.' मी म्हटलं, काय विचारू? 'डोळ्यांचं विचार.' साडूभाऊ, मी हुज्जत घातली! मी म्हटलं, त्या बाईंचे डोळे ठणठणीत आहेत, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात. मी स्वतःला दुखणं लागलं म्हणून आता सगळ्यांत तेच बघतोय. हे फसलेल्या पानावर जाणार. पण तुम्ही लिहिलं होतंत ना, खरा इशारा हळू असतो आणि नको ते काम सांगतो? हे अगदी तसंच होतं. एका परक्या बाईला असलं विचारायचं म्हणजे मला घाम फुटला.

त्या आल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही डोळे कधी तपासलेत?"

त्या हसल्या. "माझे? घारीसारखे आहेत."

चार पानं झाली. मग त्याच आपणहून म्हणाल्या, "आमची आई शेवटी भिंत धरून चालायची. वयानं होतं तसं."

काचबिंदू आईकडून मुलांकडे येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "बाई, पानं खाली ठेवा."

त्या दवाखान्यात यायला तयार नव्हत्या. काम आहे, सुट्टी नाही, मला काय धाड भरलीय. मी रोज विचारायचो, त्या रोज उडवून लावायच्या. आठव्या दिवशी वैतागून म्हणाल्या, "चला एकदाचे, म्हणजे तुमचं तोंड तरी बंद होईल." आज सकाळी गेलो. मी बाहेर बाकावर. आणि त्या बाकावर, साडूभाऊ, मी त्याला तुमच्या ताईबद्दल विचारलं. भांडलो नाही, सरळ विचारलं, का? उत्तर आलं नाही. पण मी ज्याला विचारत होतो तो तिथे होता. हे मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. उद्याही विचारणार आहे.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "यांना तुम्ही आणलंत? दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला आहे. पण अजून काहीही गेलेलं नाही. काहीही. आजपासून थेंब सुरू केले की बहुधा शेवटपर्यंत हे डोळे असेच राहतील."

आम्ही रस्त्यावर आलो. जिल्दवाल्या बाई पायरीवर उभ्या राहिल्या, समोरच्या दुकानांकडे बघितलं आणि पाट्या वाचायला लागल्या. मोठ्याने. डावीकडून उजवीकडे, एकेक. छत्र्या दुरुस्त करून मिळतील. सायकलचे सुटे भाग. आज ताजी फुलं. माणसं थांबून बघायला लागली, पण त्या थांबेनात, आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. मला नसती दिसली ती सगळी दुकानं मला ऐकू येत होती.

शेवटची पाटी वाचून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "अजून आहेत का?"

मी म्हटलं, "पुढच्या चौकात पुष्कळ आहेत."

आणि आम्ही तिकडे निघालो.

तुमचा,
दादा